खेळाचा दिवस आणि आदल्या दिवसाची चूल

श्रोतेहो, इतिहास म्हटला की लढाया, तह आणि राजवंशांच्या वंशावळी आपल्या डोळ्यांसमोर उभ्या राहतात. चुलीचा इतिहास लिहावा असे फारसे कोणास वाटत नाही. आणि कोणी लिहिलाच, तर तो बहुधा राजाच्या मुदपाकखान्याचा असतो. आज मी ज्या विषयावर चार शब्द बोलणार आहे, तो याहून पुष्कळच साधा आहे. घरी खेळ मांडला आहे, मंडळी जमणार आहेत, आणि त्यांना खाऊ घालावयाचे आहे. हे खाणे करावयाचे केव्हा? खेळ चालू असताना, की त्याच्या आधी? वरवर पाहता प्रश्न क्षुल्लक आहे. परंतु घरातील कोणी खेळावे आणि कोणी चुलीपाशी बसावे, याचा निकाल याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतो. म्हणून तो इतिहासाचाही प्रश्न आहे, असे मला वाटते.

हा प्रश्न मी आदिलाबाद जिल्ह्याच्या भूमीवर उभे राहून मांडणार आहे. त्यास कारण आहे. पैनगंगेच्या दक्षिण तीरावरील हा मुलूख म्हणजे दोन भाषांची वेस. निजामाच्या राज्यात 1905 साली आदिलाबाद हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा त्यात तेलुगू, मराठी, गोंडी आणि उर्दू अशा चार भाषा नांदत होत्या. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत किनवट व राजुरा हे भाग तेव्हाच्या मुंबई राज्याकडे गेले आणि नांदेडचा मुधोळ आदिलाबादेत आला. 2014 साली तेलंगण राज्य झाले. 2016 साली जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. नकाशावरील रेघ अशी वारंवार सरकली. पण जैनद, बेला, भैंसा या बाजूच्या घरांत मराठी बोलली जात होती, ती तशीच बोलली जात राहिली. पैनगंगेने गावे वेगळी केली, सोयरिकी वेगळ्या केल्या नाहीत. अशा सीमेवर एकाच ऋतूत दोन भाषांचे खेळ शेजारी शेजारी मांडले जातात, आणि दोन्ही खेळांनी आपल्या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वीच देऊन ठेवलेले आहे.

ते उत्तर पाहण्यापूर्वी राजवाड्यातील उत्तर काय होते, तेही पाहून घेऊ. आदिलाबादेजवळच्या जैनद गावी परमार जगद्देवाच्या काळचा शिलालेख आहे. हा जगद्देव कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या आश्रयास येऊन राहिलेला. त्याच विक्रमादित्याचा पुत्र सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राजाने काय खावे आणि काय खेळावे, या दोहोंचा इतका तपशील एकत्र देणारा दुसरा ग्रंथ दख्खनच्या इतिहासात क्वचितच सापडेल. त्याच्या एका भागात अन्नभोग आहे. मांडे, पुऱ्या, वडे यांची वर्णने आहेत. पुढील भागांत मल्लांच्या कुस्त्यांपासून नाना प्रकारचे विनोद आणि क्रीडा आहेत. परंतु अन्नाचा अध्याय वेगळा आणि खेळाचा अध्याय वेगळा. हे दोन अध्याय एकमेकांना कोठे भिडत नाहीत. आणि भिडण्याचे कारणही नव्हते. राजा कुस्ती पाहावयास बसला तर रांधणारे हात दुसऱ्यांचे होते. त्यांनी कुस्ती पाहिली की नाही, हा प्रश्न ग्रंथकर्त्यास पडण्यासारखा नव्हता.

हा प्रश्न पडतो तो सामान्य माणसाच्या अंगणात. कारण तेथे रांधणारी आणि खेळणारी व्यक्ती एकच असते. श्रावणापासून आश्विनापर्यंतचे आपले बायकांचे खेळ डोळ्यांपुढे आणा. नागपंचमीस झाडांना झोके बांधावयाचे, फेर धरावयाचा, फुगड्या घालावयाच्या. त्या दिवशी चिरू नये, तळू नये, तवा चुलीवर ठेवू नये, असा दंडक. त्यामागील श्रद्धा नागदेवतेची आहे, हे खरे. पण या दंडकाचा परिणाम काय झाला, तेही पाहावे. लाह्या आदल्या दिवशी फोडून ठेवलेल्या, उकडलेले दिंड तेवढे ताजे. दिवसाचा मोठा भाग स्वयंपाकघराबाहेर मोकळा. शीतला सप्तमीस तर चूलच थंड ठेवावयाची आणि आदल्या दिवशीचे खावयाचे. मंगळागौरीची रात्र जागून काढावयाची, पहाटेपर्यंत झिम्मा-फुगड्या चालावयाच्या. तेव्हा भाजणीच्या वड्यांची भाजणी त्यापूर्वीच दळून डब्यात भरलेली असे आणि मटकीला मोडही आदल्या दिवसापासून आलेले असत. ज्या दिवशी खेळ, त्या दिवशी चुलीस विश्रांती, अशी ही जोडी सणांमागून सण आढळते. ती योगायोगाने पडली असेल, असे मानणे मला कठीण जाते.

आता पैनगंगेच्या उत्तर तीरावर येऊ. वऱ्हाडात भाद्रपद पौर्णिमेस मातीची भुलाबाई बसते आणि शरद पौर्णिमेपर्यंत, म्हणजे कोजागिरीपर्यंत, महिनाभर मुली घरोघर जाऊन गाणी म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रातील भोंडला किंवा हादगा हिचीच बहीण. गाणी संपली की खिरापत. ही खिरापत झाकणाच्या डब्यात येते, आणि आत काय आहे ते मुलींनी ओळखावयाचे असते. डबा कानाशी धरून हलवावयाचा. खुळखुळ वाजले तर फुटाणे किंवा शेंगदाणे, सळसळ झाली तर चिवडा, आणि काहीच आवाज न आला तर वडी नाहीतर शिरा. ओळखता येऊ नये अशी खिरापत करणे ही त्या घरच्या गृहिणीची चतुराई, आणि ओळखून दाखविणे ही मुलींची.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. खिरापत ओळखावयाची असेल तर ती आधी झालेली असली पाहिजे. कढईतून निघणाऱ्या भज्यांचा वास साऱ्या आळीत जातो. ती काय ओळखावयाची? झाकून ठेवता येईल, गार झाली तरी चव सोडणार नाही, डब्यात हलविली तरी मोडणार नाही, एवढ्या कसोट्यांना उतरणारा पदार्थच खिरापत होऊ शकतो. आधी करून ठेवण्याची सोय येथे नुसती सोय राहिली नाही. ती खेळाचाच एक डाव होऊन बसली. आणि त्या डावात डबा भरणारी आई देखील खेळाडू झाली. तिची खेळी ती दुपारीच खेळून ठेवते. सायंकाळी ती ओसरीवर बसते आणि मुलींची फजिती पाहते.

पैनगंगा ओलांडून आपण आता दक्षिणेस येऊ. भुलाबाईचा महिना अर्धा सरला की भाद्रपद अमावस्येस तेलुगू घरांत बतुकम्मा सुरू होते, आणि दुर्गाष्टमीच्या सुमारास संपते. म्हणजे भुलाबाईच्या महिन्याच्या ऐन मध्यावर बतुकम्मेचे नऊ दिवस येतात. तरवडाची पिवळी फुले, कुरडूचे तुरे, झेंडू आणि शेवंती यांची थरांवर थर चढवून उतरंडीसारखी रचना करावयाची, ती मध्ये ठेवावयाची आणि टाळ्या वाजवीत तिच्याभोवती फेर धरावयाचा. शेवटी ती फुले तळ्यात सोडावयाची. 2014 साली तेलंगण सरकारने या उत्सवास राज्योत्सवाचा मान दिला. तेलुगू भगिनी बतुकम्मा ‘खेळतात’ असेच म्हणतात. आपण मंगळागौर खेळतो किंवा हादगा खेळतो, तसेच हे.

या नऊ दिवसांना नऊ नावे आहेत, आणि त्यांतील बहुतेक नावे खाण्याच्या पदार्थांची आहेत. पहिला दिवस ‘एंगिली पूला बतुकम्मा’, म्हणजे उष्ट्या फुलांची. फुले आदल्या दिवशीच तोडून ठेवलेली असतात म्हणून ती उष्टी, असा या नावाचा एक अर्थ सांगतात. दुसरा दिवस पोह्यांचा. तिसरा घट्ट वरणाचा. चौथा भिजविलेल्या तांदळाचा. त्यात दूध आणि गूळ. पाचवा धिरड्यांचा. सहाव्या दिवशी देवी रुसलेली असते. त्या दिवशी नैवेद्यच नाही. सातव्या दिवशी तांदळाच्या पिठाच्या लिंबोळीएवढ्या गोळ्या तळावयाच्या. आठवा दिवस तीळ, गूळ आणि लोण्यातुपाच्या गोळ्यांचा. आणि नववा दिवस सर्वांत मोठा, ‘सद्दुला बतुकम्मा’.

ही यादी स्वयंपाकाच्या दृष्टीने वाचून पाहा. पोहे शिजवावे लागत नाहीत. तांदूळ भिजत घातले की काम संपले. तिळाचे गोळे आणि तळलेल्या लिंबोळ्या डब्यात राहतात. सहावा दिवस तर चुलीलाही सुट्टीचा. नऊ दिवसांत त्याच दिवशी जाळ पाहिजेच, असे पदार्थ दोनच. वरण आणि धिरडी. सायंकाळी जिला फेर धरावयाचा आहे, तिने दिवसभर धुरात बसू नये, अशा बेताने हा क्रम लागल्यासारखा दिसतो. कोणी एका व्यक्तीने बसून तो लावला, असे मी म्हणत नाही. शेकडो वर्षे शेकडो गावांतील बायकांनी जे परवडले ते ठेवले आणि जे जड गेले ते सोडून दिले, आणि उरले ते परंपरा म्हणून आपल्या हाती आले.

आता सद्दी म्हणजे काय? तेलुगूत ‘सद्दी’ म्हणजे बांधून नेण्याचे, आधी करून ठेवलेले अन्न; रात्रीचे सकाळी खावयाचे तेही सद्दीच. थोडक्यात, आपली शिदोरी. शेवटच्या दिवशी बायका पाच प्रकारचे भात करून तळ्याकाठी नेतात. चिंचेचा, लिंबाचा, दह्याचा, तिळाचा आणि नारळाचा. बरोबर मलिदा असतो. मलिदा हा शब्द आपल्यालाही परका नाही. भाकरी किंवा पोळी कुस्करून, तूपगूळ घालून केलेला तो लाडू पैनगंगेच्या दोन्ही काठांवर ओळखीचा आहे. फेर संपला, फुले पाण्यात गेली, की तेथेच बसून एकमेकींच्या सद्दीची देवघेव होते. वर्षातील सर्वांत मोठ्या खेळाच्या दिवसाला आदल्या तयारीच्या अन्नाचे नाव मिळावे, यापेक्षा त्या अन्नाचा अधिक गौरव तो कोणता?

या पाच भातांत पाककलेचे जे शहाणपण आहे, तेही थोडे उकलून पाहू. अन्न नासते ते मुख्यत्वे ओलाव्याने आणि उबेने. आंबटपणा, मीठ, गूळ आणि तेल ही त्याची चार पारंपरिक कुंपणे. चिंचेच्या भातासाठी चिंचेचा कोळ तेलात मोहरी, मिरच्या, हिंग, शेंगदाणे घालून इतका आटवितात की तेल कडेने सुटावे. हा गर पुष्कळ दिवस टिकतो. भात मात्र शिजताच परातीत पसरावयाचा, त्यावर हळद आणि थोडे तेल सोडावयाचे, आणि गार झाल्यावरच गर कालवावयाचा. परातीत पसरण्याची ही रीत नुसती दाणा मोकळा राहण्यासाठी नाही. शिजलेला भात कोमट अवस्थेत तासन्‌तास झाकून ठेवला, तर त्यात शिजूनही न मेलेले सूक्ष्म जंतू वाढतात आणि पोट बिघडवितात, हे आजचे शास्त्र सांगते. आजीला जंतूंचे नाव ठाऊक नव्हते. पण गरम भातावर झाकण घालून तो तसाच ठेवू नये, हे तिला पक्के ठाऊक होते. दहीभात नेताना त्यात दही कमी आणि दूध अधिक घालतात. वाटेत विरजण लागत जाते आणि खाण्याच्या वेळेस भात आंबट न होता बेताचा लागतो. म्हणजे पदार्थ घरी अर्धा होतो आणि उरलेला वाटेत पुरा होतो.

काळ्या जमिनीच्या मराठी घरांत रोजचे अन्न ज्वारीचे होते. तेथे याच कामास धपाटी आणि दशम्या येतात. दशमीचे पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवितात. त्यामुळे ती दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. सोबत जवसाची, तिळाची किंवा शेंगदाण्याची कोरडी चटणी. कोरडी म्हणूनच ती टिकते. आणि सर्वांत लांब पल्ल्याची तयारी पाहावयाची असेल, तर ती चैत्र-वैशाखातील वाळवणांत पाहावी. पापड, कुरडया, सांडगे, शेवया. आश्विनातल्या पाहुण्याची व्यवस्था उन्हाळ्यातच गच्चीवर नाहीतर अंगणात वाळत पडलेली असे. आयत्या वेळी पाहुणे वाढले तर गृहिणीने काय करावयाचे, याचे उत्तर सहा महिने आधी देऊन ठेवलेले असे.

शिदोरी आणि खेळ यांचे हे सख्य दोन्ही भाषांच्या साहित्यानेही मानले आहे. बम्मेर पोतना या पंधराव्या शतकातील तेलुगू कवीच्या भागवतात गोपाळांसह यमुनेकाठी बसून शिदोरी खाणाऱ्या बालकृष्णाचे जे वर्णन आहे, ते तेलुगू घरांत आजही प्रिय आहे. आपल्या संतांनी त्याच प्रसंगाचा काला केला. कोणाच्या गाठोड्यात पोहे, कोणाच्या लाह्या, कोणाचे दही, कोणाचे नुसते लोणचे. सारे एकत्र कालवावयाचे आणि सर्वांनी खावयाचे. पंढरीच्या वारीची सांगता आषाढी पौर्णिमेस गोपाळपूरच्या काल्याने होते, आणि गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी गावोगाव काला होतो. गोपाळ खेळावयास गेले होते, रांधावयास नव्हे. शिदोरी घरूनच बांधून आणलेली होती, म्हणून खेळ रंगला.

आदिलाबादची गोष्ट गोंड समाजावाचून पुरी होत नाही, म्हणून त्यांचाही उल्लेख करतो. दिवाळीच्या सुमारास गोंड गावांतील दंडारीचे ताफे मोरपिसांचे मुकुट घातलेल्या गुसाडींसह दुसऱ्या गावी पाहुणे म्हणून जातात. या गुसाडी नृत्याची परंपरा सांभाळणाऱ्या मार्लवाईच्या कनकराजू यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. ताफा आला की त्याला जेवू घालणे हा यजमान गावाचा धर्म. पाहुणे ठरलेले, ऋतू ठरलेला, आणि अन्नाचा भार एका घरावर न पडता गावावर पडतो. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की, मोठ्या खेळाचे खाणे एकट्या चुलीने करावयाचे नसते, हे या रीतीतही गृहीत धरलेले आहे.

येथवर मी जुन्या रीतींची बाजू मांडली. पण इतिहास सांगणाऱ्याने एकच बाजू सांगून थांबू नये. आदल्या दिवशी करून ठेवल्याने काम नाहीसे होत नाही. ते फक्त एका दिवसाने मागे सरकते. सणाच्या आदल्या रात्री अंगणात निजानीज झाली तरी स्वयंपाकघरातला दिवा जळत असे, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेले असेल. पाच भातांचे श्रम करणारी बाई दुसऱ्या दिवशी फेरात उभी राहते ती थकलेल्या पायांनीच. शिवाय या रीतीचा लाभ साऱ्याजणींना सारखा मिळाला असेही नाही. जिच्या घरी ज्वारीचाच तुटवडा, तिने पाच भात कोठून आणावेत? पाटाखालील जमीन ज्याची, तांदूळ त्याचा. कोरडवाहू घरात भात हाच मुळी सणाचा पदार्थ होता. सद्दीची देवघेव या दृष्टीने फार मोलाची. तळ्याकाठी पदर पसरला की प्रत्येकीला पाचही भात मिळत, मग तिने घरून एकच आणलेला का असेना.

आता अलीकडच्या खेळांकडे वळू. कारण आपल्या काळात घरी मंडळी जमवून साजरा होणारा खेळ म्हणजे क्रिकेटचा सामना. 1934 साली मुंबईच्या एका क्रिकेट स्पर्धेचे धावते वर्णन तल्यारखान यांनी नभोवाणीवरून केले, आणि मैदान घरात येण्यास आरंभ झाला. पुढे बाळ ज. पंडित यांनी मराठीतून केलेले धावते समालोचन ऐकण्यास मंडळी एकेका रेडिओभोवती दाटीवाटीने बसत. ज्याच्या घरी रेडिओ त्याच्या घरी आळी. 25 जून 1983 रोजी लॉर्ड्‌सवर भारताने वेस्ट इंडीजला 43 धावांनी हरविले, तेव्हा ज्यांच्या घरी दूरचित्रवाणी संच होता, त्यांच्या बैठकीत रात्री उशिरापर्यंत बसावयास जागा नव्हती. 2 एप्रिल 2011 रोजी वानखेडेवर अंतिम सामना झाला, तो दुपारी सुरू होऊन रात्रीपर्यंत चालला. म्हणजे एक सामना, त्यात चहा दोनदा आणि जेवण एकदा, आणि घरी दहा-पंधरा माणसे.

आणि येथेच एक विचित्र गोष्ट घडली. बतुकम्मा आणि भुलाबाई या खेळांनी जे शहाणपण जपले होते, ते या नव्या खेळाच्या दिवशी आपण विसरलो. बैठकीत पुरुषमंडळी, आणि आत गरम भज्यांचा घाणा. घाणा गरमच पाहिजे, आणि तो षटकागणिक आला पाहिजे. बाहेर आरडाओरडा झाला की आतून प्रश्न यावयाचा, “कोण बाद झाले?” उत्तर मिळेपर्यंत पुढचा चेंडू पडलेला असे. ज्या स्त्रीने शतकानुशतके आपल्या खेळाच्या दिवशी चुलीस विश्रांती दिली, तिला दुसऱ्यांच्या खेळाच्या दिवशी मात्र ती मिळाली नाही. कारण उघड आहे. खेळ तिचा होता तेव्हा खाण्याचा बेत तिने ठरविला. खेळ इतरांचा झाला तेव्हा बेतही इतरांनी ठरविला.

2 नोव्हेंबर 2025 रोजी नवी मुंबईच्या मैदानावर भारतीय महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. त्या संघात सांगलीची स्मृती मानधना होती. पावसामुळे खेळ उशिरा सुरू झाला आणि मध्यरात्रीपर्यंत लांबला. मैदानावर मुली खेळत असताना ज्या घरांत मुलींची आई आतल्या खोलीत पुऱ्या लाटीत होती, त्या घरांनी आपला इतिहास पुन्हा एकदा वाचावा, असे मला सुचवावेसे वाटते.

हे वाचन मोठे अवघड नाही. पुढच्या सामन्यास मंडळी घरी बोलवावयाची असतील, तर बेत सद्दीच्या न्यायाने करावा. चिवडा चार दिवस आधी. तो पूर्ण गार झाल्यावर मगच डबा लावावा, नाहीतर वाफ धरून मऊ पडतो. कोरडी चटणी आणि चिंचेचा गर दोन दिवस आधी. धपाटी किंवा दशम्या आदल्या रात्री. एकेक गार करून, मग फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात. भात मात्र त्याच दिवशी सकाळी करावा, परातीत पसरून पुरता गार करावा, आणि उकाड्याच्या दिवसांत तो फार वेळ बाहेर ठेवू नये. दूध, खवा, ओले खोबरे घातलेले पदार्थ शेवटी करावेत आणि आधी संपवावेत. पापड-कुरडया तेवढ्या मध्यंतरात तळाव्यात, आणि तळणारे हात त्या दिवशी घरातल्या कर्त्या पुरुषाचे असावेत. त्याच्याने एखादा पापड करपला तरी सामन्याचा निकाल बदलत नाही.

याहून महत्त्वाचे म्हणजे आदल्या दिवशीचे काम एकटीवर टाकू नये. तळ्याकाठच्या सद्दीत प्रत्येकीचा एक डबा असतो. गोपाळांच्या काल्यात प्रत्येकाचे एक गाठोडे असते. आजच्या पाहुण्यांनीही रिकाम्या हाताने येऊ नये. एकाने चिवडा, एकीने भात, एकाने लोणचे. आणि हौस असेल तर डब्यांना झाकणे लावून पाहुण्यांकडून ती ओळखून घ्यावीत. भुलाबाईचा हा डाव सामन्याच्या मध्यंतरात अगदी चपखल बसेल, आणि लहान मुलांना सामन्यापेक्षाही तोच अधिक आवडेल, अशी माझी अटकळ आहे.

श्रोतेहो, आदिलाबादच्या वेशीवर एका बाजूस मुली डबा कानाशी धरून हलवितात आणि दुसऱ्या बाजूस तळ्याकाठी पाच भातांची वाटणी होते. भाषा दोन आहेत. पण दोन्हीकडे जिने डबा भरला, तीही त्या खेळात बसलेली असते. आपल्या घरच्या पुढील खेळाच्या दिवशी, पहिला चेंडू पडण्यापूर्वी, बैठकीत एकदा नजर फिरवून पाहावी आणि घरातील कोणी अजून आत राहिले आहे काय, ते मोजून घ्यावे. राहिले असेल तर सामना लावण्याआधी तिला हाक मारावी.